हनुवटीची रेषा आणि रोजच्या सवयी

मारुतीच्या देवळात शनिवारी न चुकता तेल वाहणाऱ्या कित्येकांस हनुमान या नावाचा अर्थ ठाऊक नसतो. संस्कृतात हनु म्हणजे जबडा. उगवत्या सूर्यबिंबास फळ समजून बाळ मारुती त्यावर झेपावला, इंद्राने वज्र फेकले, ते त्याच्या हनूवर बसले आणि त्यावरून हे नाव पडले, अशी कथा आहे. बौद्ध ग्रंथांत महापुरुषाची जी बत्तीस लक्षणे सांगितली आहेत, त्यांतही सिंहासारखा जबडा हे एक आहे. तेव्हा जबडा पाहून माणसाच्या तेजाचा अंदाज बांधण्याची खोड आजची नव्हे. आज तिला मोबाईलवरील छायाचित्रांची जोड मिळाली आहे, एवढेच.

पूर्वी माणूस आपला चेहरा आरशात आणि तोही समोरून पाही. आता तो बाजूने, खालून, हसताना, जेवताना, हवा तेव्हा दिसतो. आणि हनुवटीपासून कानापर्यंत जाणारी जबड्याची कड आपल्या चेहऱ्यात ठसठशीत नाही, हे शल्य सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसही टोचू लागते. मग कोणी रबराचा गोळा चावीत बसतो, कोणी जीभ टाळूला दाबून धरतो, कोणी गालांवरून दगडी लाटणे फिरवितो. या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एक सरळ प्रश्न आहे. रोजच्या सवयींनी जबड्याची ठेवण सुधारते काय? त्याचे उत्तरही सरळ आहे. सवयींनी ती थोडी सुधारते. पण सवयींनी ती बिघडते मात्र पुष्कळ. म्हणून जबड्याच्या शोभेचा विचार करणाऱ्याने काय नवे करावे यापेक्षा काय सोडावे, हे आधी पाहिले पाहिजे.

त्यापूर्वी शोभा कशाला म्हणावे, याचा थोडा विचार करणे बरे. यासाठी वाशीमकरांस फार दूर जावयास नको. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेण राजाच्या काळी, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. तसा शिलालेख तेथे आहे. त्या लेण्यांतील चित्रे ज्याने पाहिली असतील, त्याने तेथील मुखे आठवावीत. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचा चेहरा लांबट गोल आहे, हनुवटी लहान व मृदू आहे. धारदार कड तेथे शोधूनही सापडावयाची नाही. गळ्यावर शंखासारख्या वळ्या असणे हे तर त्या काळी सौंदर्याचे लक्षण मानीत. आजचा तरुण त्याच वळ्या घालविण्यासाठी धडपडतो. सारांश, कोणता जबडा सुंदर हे काळ ठरवितो आणि काळ आपले मत बदलतो. परंतु जबडा निरोगी आहे की नाही, तो पुरता उघडतो की नाही, त्यात दात शाबूत आहेत की नाहीत, या गोष्टींविषयी कोणत्याही काळाचे मत बदललेले नाही.

आता ही रेषा बनते कशाची, ते पाहू. खालचा जबडा हे चेहऱ्यातील एकच हलते हाड. घोड्याच्या नालेसारखे वळलेले हे हाड दोन्ही बाजूंना कानापुढे कवटीशी सांध्याने जोडलेले असते. जन्माच्या वेळी ते दोन अर्ध्या तुकड्यांचे असते. पहिल्या वर्षात हे तुकडे हनुवटीपाशी सांधले जातात. तान्ह्या मुलाच्या जबड्याचा कानाखालचा कोपरा फार उघडा, सपाटीकडे झुकलेला असतो. दात येत जातात आणि चावण्याचे काम वाढते, तसतसा तो काटकोनाकडे येतो. या कोपऱ्यावर गालाच्या हाडापासून खाली उतरलेला एक जाड स्नायू बसलेला आहे. दातांवर दात दाबून गालावर बोटे ठेवली की तो टणक होऊन हाताला लागतो. घास दळण्याचे मुख्य काम त्याचे. हाड व स्नायू यांच्यावर चरबीचा थर आणि त्यावर त्वचा, असा हा सारा मांड आहे. रेषा स्पष्ट दिसते की पुसट, हे या चार वस्तूंच्या प्रमाणावर अवलंबून असते.

यांतील हाडाची घडण मुख्यत्वे आईबापांकडून येते. नाक जसे आजोबांवर जाते, तशी हनुवटीही जाते. पण वाढीच्या वर्षांत सवयींचा हात तिला लागतो, आणि येथे घरातील वडीलधाऱ्यांचे काम आहे. चार वर्षांनंतरही अंगठा चोखणाऱ्या मुलाचे पुढचे दात पुढे येतात व जबड्यांची बैठक चुकते. ज्या मुलाचे नाक सदा चोंदलेले, नाकामागील गाठी वाढलेल्या, ते रात्रंदिवस तोंडाने श्वास घेते. अशा मुलाचा चेहरा लांबट, ओठ उघडे व हनुवटी मागे पडलेली दिसू लागते. ‘झोपेत घोरतो, मोठा झाला की सुटेल’ असे म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नव्हे. वैद्यकीय तपासणी वेळेवर झाली तर श्वासही सुधारतो आणि चेहऱ्याची वाढही वळणावर राहते. वीस वर्षे उलटल्यावर जीभ टाळूस लावून हाड पुढे सरकेल असे सांगणारे आज पुष्कळ आहेत. तशी साक्ष देणारा पुरावा मात्र नाही.

चावण्याचाही वाढीशी संबंध आहे. मऊ अन्नावर वाढविलेल्या प्राण्यांचे जबडे कठीण अन्नावर वाढलेल्यांपेक्षा लहान राहतात, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. माणसाच्या बाबतीत आनुवंशिकतेचा भाग मोठा; तरीही मुलांच्या ताटाकडे पाहून विचार करावयास हरकत नाही. वऱ्हाडातील जुने खाणे म्हणजे ज्वारीची भाकर, ओल्या तुरीच्या शेंगा, थंडीतला हुरडा, भाजलेले हरभरे, शेंगदाणे, दातांनी सोललेला ऊस. एका जेवणात जबड्याला शेकडो फेऱ्या घालाव्या लागत. आज शहरात त्याच वयाच्या मुलाची न्याहारी दुधात बुडविलेल्या बिस्किटांवर होते, मधल्या सुटीत पाव आणि रात्री मऊ भात. गिळावयास सोपे ते सोयीचे खरे. पण दात आलेल्या मुलाला दातांचे काम मिळाले पाहिजे. भाकर, काकडी, गाजर, मुळा, पेरू, अखंड फळ हे रोजच्या ताटात आले की वेगळा व्यायाम नको. घास दोन्ही बाजूंनी चावावा, ही सवय लहानपणीच लावावी. एकाच बाजूने चावणाऱ्याची बहुधा दुसऱ्या बाजूची दाढ किडलेली असते. तेव्हा ती सवय न समजता खूण समजावी.

दातांचा विषय निघाला तेव्हा ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आठवल्यावाचून राहत नाही. या म्हणीत गरिबीची व्यथा आहे, पण तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागात शरीराचे एक सत्यही दडले आहे. जबड्याच्या हाडाची वरची कड ही दातांसाठीच असते. दात गेला की तिचे प्रयोजन संपते व ते हाड झिजू लागते. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षातच त्या जागेची रुंदी सुमारे निम्मी होते. सगळे दात गेलेल्या वृद्धाची हनुवटी वर व पुढे येते, ओठ आत ओढले जातात, गाल बसतात आणि चेहऱ्याची उंचीच कमी होते. वय झाले म्हणून असे होते हा समज अर्धाच खरा. बहुतेक ठिकाणी दात वयाने नव्हे, हिरड्यांच्या रोगाने व किडीने जातात, आणि हे दोन्ही रोग टाळता येतात. सकाळी व निजण्यापूर्वी फ्लोराईडयुक्त पेस्टने दात घासणे, खाण्याच्या अधूनमधून गोडधोड न चघळणे, हिरडीतून रक्त येऊ लागताच दाखविणे, एवढ्याने साठाव्या वर्षीची हनुवटी जितकी राखली जाते, तितकी ती कोणत्याही मालिशीने राखली जात नाही. मिश्री व तंबाखूची पूड यांनी दात घट्ट होतात, ही समजूत तर पुरती सोडली पाहिजे. त्यांनी हिरड्या खचतात.

प्रौढ माणसाच्या हातात हाडाची घडण नाही, पण चरबी, स्नायू व बैठक या तीन गोष्टी काही अंशी आहेत. हनुवटीखाली लोंबणाऱ्या मांसाला लोक दुहेरी हनुवटी म्हणतात. ते कित्येकदा सर्व शरीराच्या वजनाचेच चिन्ह असते. एखाद्या ठिकाणची चरबी त्या ठिकाणच्या व्यायामाने उतरत नाही. वजन उतरले की शरीर आपल्या क्रमाने ती उतरविते. म्हणून रोजचे भरभर चालणे, रात्रीचे जेवण हलके व लवकर, चहातील साखर व तळणाला आळा, हाच तिच्यावरचा साधा उपाय. काहींची हनुवटीखालची चरबी वंशपरंपरेने आलेली असते व कृश शरीरातही राहते. त्यांनी त्याचे दुःख करू नये. खारट खाणे, जागरण व मद्य यांनी सकाळी चेहरा सुजट दिसतो. तो प्रकार मात्र दोन-चार दिवसांच्या संयमाने ओसरतो.

बैठकीचे कारण अधिक साधे आहे. माणसाचे डोके साडेचार ते पाच किलो वजनाचे. ते मानेवर सरळ तोललेले असले म्हणजे गळ्याची त्वचा ताणलेली व जबड्याची कड मोकळी दिसते. मोबाईल मांडीवर ठेवून तासन्‌तास मान वाकवून बसणाऱ्याची हनुवटी छातीकडे येते, मान पुढे सरकते आणि कड गळ्याच्या घड्यांत बुडून जाते. हाड जागच्या जागी असते. दिसत नाही इतकेच. मोबाईल डोळ्यांच्या उंचीस धरावा, वाचताना पुस्तक तिरक्या उताराच्या मेजावर ठेवावे, दर अर्ध्या तासाने उठून खांदे मागे घ्यावेत व हनुवटी किंचित आत घेऊन मान उंचवावी. जुन्या शाळांतून ‘ताठ बसा’ म्हणून जी आज्ञा होत असे, तिच्यात सौंदर्यशास्त्रही होते, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी आले नसावे. पुरुषांसाठी न्हाव्याची मदतही लहान नाही. दाढीची खालची रेघ जबड्याच्या कडेवरच न काढता कंठमण्याच्या थोडी वर ठेवली, तर कड भरीव दिसते.

चेहऱ्याच्या व्यायामांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्यांचा गाजावाजा मोठा आहे. अमेरिकेत २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चाळीस ते पासष्ट वयाच्या २७ स्त्रियांनी तो आरंभिला. आधी रोज अर्धा तास, पुढे दिवसाआड, असे वीस आठवडे व्यायाम करावयाचे होते. शेवटपर्यंत १६ जणी टिकल्या. त्यांचे गाल थोडे भरले, असे परीक्षकांस दिसले. जबड्याच्या कडेत मात्र म्हणण्यासारखा फरक पडल्याचे दिसले नाही. रबराचा गोळा चावण्याने गालाचा स्नायू वाढू शकतो हे खरे, पण त्याने चेहरा खालून चौकोनी होतो व कानापुढचा सांधा दुखू लागतो. ज्यांस रात्री दात खाण्याची सवय आहे, त्यांचा हा स्नायू आधीच थकलेला असतो. त्यांनी असल्या खेळाच्या वाटेस जाऊ नये.

येथवर ज्या गोष्टी सांगितल्या त्या पाळल्या तर बरे, न पाळल्या तर थोडे नुकसान, अशा स्वरूपाच्या आहेत. परंतु एक सवय अशी आहे की जिने जबडा बिघडत नाही, तो बंद होतो. आणि विदर्भात तीच घरोघरी पोचलेली आहे. ती म्हणजे सुपारी-तंबाखू चघळण्याची. वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कोठेही जावे. सुपारीचे पदार्थ सहज मिळत नाहीत असे गाव सापडणे कठीण. विदर्भातील पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, हाच खर्रा. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्र शासनाने गुटखा व पानमसाला यांच्या विक्रीस बंदी केली. पण खर्रा कारखान्यातून यावा लागत नाही, तो मागेल त्यास समोर घोटून मिळतो. केंद्र शासनाने २०१६-१७ मध्ये केलेल्या पाहणीत महाराष्ट्रातील दर चार प्रौढांमागे सुमारे एक जण तंबाखूचे सेवन करणारा आढळला, आणि त्यांतील फार मोठा भाग ओढणारांचा नसून चघळणारांचा होता.

या व्यसनाचा जबड्यावरील परिणाम विचित्र क्रमाने होतो. सुपारी कठीण, ती दिवसभर चावून गालाचा स्नायू आधी जाड होतो. चेहरा भरला असे पोरास वाटते. त्याच वेळी आत दुसरेच काम चालू असते. सुपारीतील एक अल्कधर्मी द्रव्य गालाच्या अस्तराखालील पेशींना अधिकाधिक तंतू विणावयास लावते. सुपारीत तांब्याचा अंशही पुष्कळ असतो व त्यायोगे हे तंतू एकमेकांत घट्ट गुंफले जातात. ते मोडून काढण्याची शरीराची नेहमीची क्रिया मंदावते. परिणामी गालाचे मऊ अस्तर वाळलेल्या चामड्यासारखे पांढरट व ताठ होते. प्रथम मिरचीचा ठेचा सोसेनासा होतो, तोंडाची आग होते. पुढे शीळ घालता येत नाही, गाल फुगविता येत नाहीत, जीभ पुरती बाहेर येत नाही. मग तोंडच उघडेना होते. गाल आत बसतात आणि पंचविशीतील तरुण चाळिशीचा दिसू लागतो.

हा रोग वैद्यकास फार जुन्या काळापासून ठाऊक होता असे नाही. १९५२ साली पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांत तो प्रथम वर्णिला गेला; १९५३ साली मुंबईचे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतात त्याचे वर्णन केले. त्या वेळी तो प्रौढांचा विरळा रोग होता. आज तो महाविद्यालयीन मुलांत दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीस, तंबाखू नसतानाही, कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. आणि या रोगाच्या काही रुग्णांत पुढे तोंडाचा कर्करोग होतो. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारीच खातो’ हे समाधान म्हणूनच पोकळ आहे.

याची परीक्षा घरच्या घरी होते. मुलाने तोंड पूर्ण उघडावे व स्वतःच्या हाताची तर्जनी, मध्यमा व अनामिका ही तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये घालून पाहावीत. तीन बोटे सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे न्यावे. सुपारी त्या दिवशी सुटली तर रोगाची वाढ बहुधा थांबते. तोंड उघडण्याचे व्यायाम, औषधे, गालात द्यावयाची इंजेक्शने यांनी काही मोकळेपणा परत येतो. फार पुढे गेलेल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. पण एकदा ताठलेले अस्तर पूर्वीसारखे लुसलुशीत होत नाही. व्यसन सोडू इच्छिणारास शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १८००-११२-३५६.

घरच्यांनी मात्र एक गोष्ट सांभाळावी. पोराच्या खिशात पन्नी सापडली म्हणून चारचौघांत त्याची शोभा केली, तर तो पन्नी टाकीत नाही, खिसा बदलतो. त्यापेक्षा त्याला आरशासमोर उभे करावे आणि तीन बोटांची परीक्षा त्याच्याकडूनच करवावी. ज्या मुलास जबड्याच्या रेषेची इतकी चिंता आहे, त्यास ही परीक्षा कर्करोगाच्या भयाहून लवकर पटते. कारण वीस वर्षांनी येणारे मरण तरुणास दिसत नाही, पण उद्याच्या छायाचित्रातील बसलेले गाल दिसतात. त्याच्या सौंदर्याच्या हौसेला हसू नये. ती हौसच या ठिकाणी उपयोगी पडते.

चेहऱ्याची ठेवण जन्माबरोबर येते आणि तिच्याविषयी कोणास श्रेय नाही की दोष नाही. परंतु सत्तराव्या वर्षी जो माणूस ताठ मानेने बसून, स्वतःच्या दातांनी भाकर चावून, नातवंडांशी तोंडभर हसू शकतो, त्याच्या जबड्याला जी शोभा येते ती त्याने रोज थोडीथोडी मिळविलेली असते. तिचा आरंभ करावयास आजच्या रात्रीचे दात घासणे आणि उद्या सकाळी पानठेल्यापुढून न थांबता निघून जाणे, एवढे पुरे आहे.